शेवंताच्या वाट्याचं पाणी

“भाऊसाहेब, माझी बायकू मोजली का तुमी?”

मी मान वर केली. ग्रामपंचायतीच्या पायरीवर एक अनोळखी माणूस उभा होता. डोक्याला नवा फेटा, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं लुगडं. लुगड्याचा हिरवा काठ कागदातून बाहेर डोकावत होता.

“आपण कोण?” मी विचारलं.

“म्या धोंडीराम. तळ्याच्या पल्याडचा, पांढरेवस्तीचा. सर्जेराव बनगराची भन शेवंता, ती माझी बायकू. ती आमच्यात मोजायची. तुमच्यात मोजली आसंल तर खोडा.”

ओसरीवर सरपंच ज्योतीआबा काळेल पानाला चुना लावत बसले होते. त्यांनी पान तसंच हातात धरलं.

“का रं धोंडीबा, सात-आठ वर्सांत एकदा तरी मोजलीस का बायकू? आन आज तळ्याचं पाणी बघून उचकी लागली व्हय?”

“आवं आबा, लगीन काय मोडलं न्हाय आमचं.”

“न्हायच मोडलं. तू दुसरी आणलीस, त्या गडबडीत पयलीला मोडायला तुला येळच मिळाला नसंल.”

ओसरीवरची माणसं हसली. धोंडीरामही ओशाळून हसला. मी मात्र मान खाली घातली. 

आता हे सगळं नीट सांगायला हवं, आणि मला ते कितपत जमेल कोण जाणे. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी वाचल्या. स्वतः सांगायची वेळ आली की पहिल्याच वाक्याला घाम फुटतो.

चाळीसएक वर्षांपूर्वी मी हिंगणमाळला ग्रामसेवक होतो. पहिलीच नेमणूक. मी कृष्णाकाठचा, घराच्या मागच्या दारातून नदी दिसायची. माणदेशातलं हे गाव म्हणजे उघडा माळ, मेंढरं, बाजरी आणि आकाशाकडे बघून बोलणारी माणसं. ग्रामसेवकाला तिकडं भाऊसाहेब म्हणायची रीत. त्यामुळे पांढऱ्या मिशांची माणसंही मला, मिसरूड फुटलेल्या पोराला, भाऊसाहेब म्हणायची आणि दर वेळी मला वाटायचं, माझ्यामागे कुणीतरी मोठं माणूस उभं आहे. माझ्या ट्रंकेत कपडे थोडे, पुस्तकंच जास्त. ग्रामसभेत मी कोपऱ्यात बसून लिहायचो. बोलायचे आबा.

गावाच्या वरच्या अंगाला एक पाझर तलाव होता. आधीच्या दुष्काळात सरकारी कामावर याच लोकांनी खडी फोडून तो बांधला होता. पण पाणी साठलं की ते ओढायचे मोजकेच. ज्याचं रान तळ्याला लागून आणि ज्याच्याकडे इंजिन, त्याचं पाणी. दोन वर्षं त्या पाण्यावर ऊसही झाला, आणि त्याच दोन वर्षांत खालच्या विहिरी फाल्गुनातच कोरड्या पडल्या.

त्या साली सरकारनं प्रयोग म्हणून एक योजना काढली. तळ्याच्या दोन्ही काठांच्या गावांना मिळून मोठी मोटार, पाइप, विजेची जोडणी, सगळं मिळणार. अट अशी, की पाणी रानावर वाटायचं नाही, माणसावर वाटायचं. घरात जेवढी तोंडं, तेवढे वाटे. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी. ऊस लावायचा नाही, पाणी विकायचं नाही. आणि ज्याला रान नाही त्यालाही वाटा. त्यानं दुसऱ्याचं पडीक रान अर्धलीनं घ्यावं, रान त्याचं, पाणी ह्याचं, पीक निम्मं-निम्मं.

ती अट ऐकून दोन्ही काठांवर सगळे आपापली माणसं मोजायला लागले. पुण्याला हमाली करणारे पुतणे आठवले. तान्ह्या पोरांना कडेवर घेऊन आया मला दाखवायला आणू लागल्या. “ह्यो बी प्यायला लागलाय पाणी,” असं एकीनं मला सांगितलं होतं.

आणि धोंडीरामला शेवंता आठवली.

*

मी सर्जेराव बनगराच्या घरी जेवायचो. त्या गावात खानावळ कुठली असणार! सर्जेराव पंचायतीचे सदस्य, उंचापुरा, मोठ्या आवाजाचा पण मनाचा काही वाईट नव्हे असा माणूस. “भाऊसाहेब, आमच्यातच दोन घास खात जावा,” असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यांच्या बायकोचं कंबरेचं दुखणं होतं, म्हणून चुलीपुढे असायची शेवंता.

ती माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असावी. लग्नानंतर तीन वर्षांत मूल झालं नाही म्हणून धोंडीरामनं दुसरी आणली आणि हिला एका दिवाळीला माहेरी पाठवली ती पाठवलीच. मी जेवायला बसलो की ती आतून भाकरी थापत विचारायची, “आज काय वाचलं?” सुरुवातीला मी नुसतं पुस्तकाचं नाव सांगायचो. मग एकदा गोष्ट सांगितली. मग रोजच सांगू लागलो. समोरासमोर मला कुणाशी बोलता यायचं नाही, पण मधे भिंत असली की यायचं. ती मध्येच थापणं थांबवून म्हणायची, “आन मग ती बाई गप बसली?” मी म्हणायचो, “हो.” ती म्हणायची, “लिवणारा पुरुष आसंल.” आणि पुन्हा थापायला लागायची.

योजनेचा कागद आला त्या संध्याकाळी मी जेवता जेवता सर्जेरावांना तो समजावून सांगत होतो. आतून आवाज आला, “माणशी म्हंजी बायामाणसं धरून?”

“हो,” मी म्हणालो.

“जिला रान न्हाई ती बी?”

“तीसुद्धा.”

आत भाकरी थापणं थांबलं. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला, तेव्हा कुठे पुन्हा हालचाल झाली.

“तुझा वाटा आपल्यातच की गं,” सर्जेराव हसून म्हणाले. “भाऊसाहेब, आमच्या घरात तिला धरून आठ तोंडं. चार एकर भिजलं बगा!”

दुसऱ्या दिवसापासून त्या घरात शेवंताला सकाळी पेलाभर दूध मिळू लागलं. मी स्वतः पाहिलं.

*

धोंडीराम पंचायतीच्या पायरीवरून थेट सर्जेरावांकडे गेला. मी जेवायला गेलो तेव्हा तो ओसरीवर बसलेला, लुगडं पुढ्यात. सर्जेराव खांबाला टेकून उभे. शेवंता दाराच्या आत.

“सर्जेराव, माझी बायकू न्यायला आलूया. नांदवतो नीट,” धोंडीराम म्हणाला.

“आन घरात जी हाय तिचं?”

“ती बी ऱ्हाईल. दोगी भनीवानी ऱ्हातील.”

“पाणी आलं म्हून तुला भनी आठवाय लागल्या,” सर्जेराव म्हणाले. “हितं पोसली कुणी इतकी वर्सं? अंगावरचं लुगडं कुणी घेतलं? दुखलं-खुपलं कुणी बघितलं? आता वाट्याची येळ आली तर तू न्हेणार?”

यात खोटं काही नव्हतं. सर्जेरावांनी बहिणीला खरंच कधी उपाशी ठेवलं नव्हतं. पण त्यांच्या तोंडून ‘पोसली’ हा शब्द आला तेव्हा दारातल्या पदराची जरा हालचाल झाली.

“शेवंते, तूच सांग,” धोंडीराम म्हणाला. “हे बग, हिरवं लुगडं आणलंय. तुला हिरवं आवडायचं.”

आतून शांत आवाज आला. “आवडायचं व्हय? मला तर ठावंच नव्हतं.” मग थोडं थांबून, “आजपातूर मला कुणी ठिवून घेत नव्हतं. आता कुणी सोडंना झालंय. भाऊसाहेब, हात धुवा, भाकर गार हुतीया.”

मी जेवलो. त्या दिवशी गोष्ट सांगितली नाही. उठताना ती दाराशी आली. पहिल्यांदाच आमच्यामध्ये भिंत नव्हती.

“भाऊसाहेब, ज्येचा त्येचा वाटा म्हंजी ज्येचा त्येचा न्हवं? का ज्याच्या घरात मोजला त्याचा?”

“नियम असा आहे,” मी चाचरत म्हणालो, “की वाटा कुटुंबप्रमुखाच्या हवाली होतो. त्यानं तो कुटुंबासाठी वापरायचा.”

“मंग मला माझ्या एकटीचं कुटुंब करायचं आसलं तर?”

 “उद्या साहेब येणार आहेत सभेला. विचारून बघू,” मी म्हणालो. विचारणार कोण, हा प्रश्न मनात होताच. मी तर नाही, याची मला खात्री होती.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीपुढच्या पटांगणात सभा भरली. तालुक्याहून विस्तार अधिकारी पेंढारकर आले होते. बरे गृहस्थ; पोटाचं काहीतरी दुखणं होतं, म्हणून सारखे कोमट पाणी पीत. दोन्ही काठांची माणसं जमली होती. एकेक घर उठायचं, घरचा प्रमुख आपली माणसं सांगायचा, गाव होकार द्यायचं, मी लिहायचो.

बनगरांची वेळ आली. सर्जेरावांनी आठ माणसं सांगितली. धोंडीराम लगेच उठला. “त्यातली शेवंता आमच्यातली!”

गलका झाला. पेंढारकरसाहेबांनी दोन्ही हात वर केले. “एक माणूस दोन घरांत मोजता येणार नाही. बाई राहते कुठे?”

“माझ्याकडं,” सर्जेराव.

“पर लगीन माझ्याशी,” धोंडीराम.

मागून बायकांच्या घोळक्यातून शेवंता उठली. पदर डोक्यावर, पण आवाज स्वच्छ. “साहेब, मला माझं येगळं धरा.”

पटांगणात कुणीतरी हसलं.

“वेगळं धरायला हरकत नाही,” साहेब म्हणाले. “नियम सरळ आहे. ज्याची चूल वेगळी त्याचं कुटुंब वेगळं. तुमची चूल वेगळी आहे का, बाई?”

सर्जेराव मोठ्यानं हसले. “साहेब, तिची कसली चूल! रोज आमच्याच चुलीवर भाकरी करती. भाऊसाहेबच साक्षीला हायत, रोज खात्यात.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी लिहायला काही नसताना लिहू लागलो.

शेवंता वळली. सभेतून चालती झाली. “रुसली,” कुणीतरी म्हणालं. साहेबांनी पुढचं घर पुकारलं. दोन-तीन घरं झाली असतील, तेवढ्यात ती परत आली. पदरात तुराट्यांची मोळी, हातात तवा, कमरेवर परात, परातीत पीठ आणि पाण्याचा तांब्या. सगळं इठाबाईकडचं, हे तव्याच्या तुटक्या कडेवरून गाव ओळखून होतं. इठाबाई म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी बाई. मागेपुढे कुणी नाही, तळ्याखालचं थोडं रान वर्षानुवर्षं पडून. तीही काठी टेकत मागून आली आणि येऊन खाली बसली.

शेवंतानं पटांगणाच्या कडेचे तीन दगड उचलले, जवळ मांडले, तुराट्या सारल्या, पेटवल्या आणि पीठ मळायला घेतलं.

सभा थांबली. आबांच्या तोंडातलं पान चघळायचं राहिलं.

“ह्ये काय नाटक?” सर्जेराव म्हणाले. “तीन दगडं मांडली की चूल व्हती व्हय? असल्या पन्नास चुली जत्रंत मांडत्यात!”

“हां, प्रश्न आहे,” पेंढारकर गोंधळून म्हणाले. “चूल कशाला म्हणायचं, हे नियमात दिलेलं नाही. सरपंच, तुमच्याकडे काय मानतात?”

आबांनी इठाबाईकडे पाहिलं. “म्हातारे, तू सांग.”

“सांगायचं काय त्यात?” इठाबाई म्हणाली. “भाऊ-भाऊ येगळं निगाल्याव आपण काय करतो? नव्या चुलीवरची पयली भाकर परक्याला घालतो. परक्याच्या पोटात गेली म्हंजी चूल धरायची. घरच्यांनीच खाल्ली तर त्यो नुसता जाळ.”

“हां, ही रीत हाय आमच्यात,” आबा म्हणाले. आणि पुष्कळ माना हलल्या.

तवा तापला होता. पहिली भाकरी तव्यावर पडली. पाणी फिरवलं तसा चर्र आवाज झाला आणि तो साऱ्या पटांगणाला ऐकू गेला.

धोंडीराम पुढे सरला. “म्या खातो! भावाच्या चुलीपास्नं सुटंल तरी!”

“तू?” इठाबाईनं काठी आडवी धरली. “परका म्हून खातूस? खा की. मंग आजपातनं शेवंता तुझी कुणी न्हवं, गावादेखत.”

धोंडीराम थबकला. “परका कसा? म्या नवरा न्हवं का?”

“मंग बस खाली. नवऱ्याचं खाल्लेलं चालत न्हाय.”

लोक खदखदून हसले. सर्जेरावसुद्धा हसले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तोच पेच आपल्यालाही आहे; परका म्हणून खाल्ली तर बहीणही गेली आणि तिचा वाटाही.

“साहेब खातील की,” कुणीतरी म्हणालं.

पेंढारकरांनी घाईनं कोमट पाण्याचा पेला तोंडाला लावला. “नाही, नाही, मला पथ्य आहे. आणि मी शासकीय कामावर आहे.”

भाकरी फुगली. शेवंतानं ती उतरवून परातीच्या कडेला उभी केली. दुसरी थापायला घेतली नाही. हात गुडघ्यांवर ठेवून ती भाकरीकडे पाहत बसली. गाव एकमेकांकडे पाहत होतं. सर्जेराव सगळ्यांवरून नजर फिरवत होते. त्यांच्या इंजिनाशिवाय अर्ध्या गावाच्या विहिरी उपसल्या जात नव्हत्या, कोण उठणार? बायकांतून एक-दोघी हलल्या, नवऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, त्या पुन्हा बसल्या.

मी विचार करत होतो, की कुणीतरी उठायला हवं. पुस्तकात असतं तर कुणीतरी उठलं असतं. बराच वेळ मी त्या कुणाची तरी वाट पाहिली. भाकरीतून निघणारी वाफ कमी कमी होत चालली होती आणि मला एकाएकी वाटलं, की ही गार झाली तर संपलं सगळं.

मी लेखणी खाली ठेवली. उठलो.  सर्जेराव म्हणाले, “भाऊसाहेब, कुटं?”

मला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. नियम सांगता आला असता, न्यायाबद्दल दोन शब्द बोलता आले असते. तोंडातून निघालं ते एवढंच: “मला... भूक लागली आहे.”

“भूक लागलीया तर घरी चला की! तीच भाकर, तेच हात.” सर्जेरावांचा आवाज खाली आला. “हितं बसला तर आमच्यात बसायला यिऊ नका पुन्यांदा.”

मी चुलीपुढे मांडी घातली. शेवंतानं भाकरी माझ्या हातावर ठेवली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही नाही. कालवण नव्हतं. मी एक तुकडा मोडला. तो कोरडा घास खाली उतरेना. समोर शेकडो डोळे, आणि मी नुसती भाकरी चघळत बसलेलो. इठाबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडून चटणी माझ्या भाकरीवर टाकली. “दमानं खावा, भाऊसाहेब. कुठं पळून जातीया का ती.”

पुन्हा हशा झाला. मीही हसलो आणि घास उतरला. सगळी भाकरी संपवली. शेवटचा तुकडा खाल्ला तेव्हा आबांनी पान थुंकून घसा साफ केला.

“धरली गावानं चूल.”

“लिहून घ्या, ग्रामसेवक,” पेंढारकर म्हणाले. “शेवंताबाई. स्वतंत्र.”

लिहायला गेलो तर हात चटणीनं माखलेले. कागदावर लाल बोटं उमटली.

*

शेवंता त्याच दिवशी इठाबाईकडे राहायला गेली. म्हातारीचं रान आणि दोघींचं पाणी. धोंडीराम लुगडं घेऊन परत गेला. सर्जेरावांनी माझं जेवण बंद केलं ते केलंच. मी स्टोव्हवर भात शिजवायला शिकलो, निम्म्या वेळा तो खाली लागायचा. पावसाळा बरा झाला. तळं भरलं, मोटार बसली, पाइप पुरले. दिवाळीनंतर पाणी सुटलं. कुणाची पाण्याची बारी कुठल्या वारी, हे ठरलं.

गावात माझ्याबद्दल बोललं जाऊ लागलं. भाऊसाहेबानं भाकरी भुकेपोटी खाल्ली नाही, असं. सर्जेरावांनी तालुक्याला जाऊन तसं सांगितलंही. मला राग आला नाही. कारण ते खोटं आहे असं मला शपथेवर सांगता आलं नसतं. इठाबाईच्या घरावरून जाताना मी पावलं भराभर टाकायचो आणि वळणावर गेल्यावर हळू करायचो. शेवंताशी बोलणं असं होत नव्हतं. आता आमच्यामध्ये भिंत नव्हती, त्यामुळे मला बोलता येत नव्हतं.

पौषात बदलीचा हुकूम आला. कृष्णाकाठी, माझ्या गावापासून जवळच. लोक म्हणाले, नशीबवान आहात. आठवडाभर मी झोपताना, उठताना, भात ढवळताना काही वाक्यं जुळवत होतो. माझी सरकारी नोकरी आहे. घरात फक्त आई, ती काही बोलणार नाही. तिकडे पाण्याला तोटा नाही. ही वाक्यं मी इतक्यांदा पाठ केली, की ती एखाद्या पुस्तकातली वाटायला लागली.

निघायच्या दिवशी आबांनी माझी ट्रंक बैलगाडीतून फाट्यावर पाठवली. मी म्हटलं, मागून चालत येतो. आणि तळ्याखालच्या रानाकडे वळलो.

शेवंताची बारी होती. ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती, कडेला हरभरा. ती कासोटा घालून, हातात खोरं घेऊन पाण्यात उभी होती. एक वाफा भरला की त्याचं दार मातीनं बुजवायचं, पुढच्याचं मोडायचं. पाण्याच्या पुढे पुढे पळायचं. इठाबाई बांधावर बसून मोठमोठ्यानं हुकूम सोडत होती.

“भाऊसाहेब व्हय?” शेवंतानं मान वर न करता विचारलं. “थांबा जरा. वाफा भरतुया.”

मी थांबलो. वाफा भरला. तिनं दार बुजवलं, दुसरं मोडलं. “आनीक जरासं.”

मी बांधावर उभा होतो. ज्या बाईला कुणी पाणी मागितलं, भाकरी मागितली, की हातातलं टाकून उठावं लागायचं, ती आज मला थांबवत होती, आणि त्यात तिला काही वेगळं वाटतंय असंही दिसत नव्हतं. फाट्याकडून एसटीचा हॉर्न ऐकू आला.

“तुमची गाडी गेली वाटतं,” ती म्हणाली.

“दुपारी दुसरी आहे.”

“मग उभं ऱ्हाऊन काय करताय?” इठाबाई म्हणाली. “खोरं घ्या की हातात! का कृष्णाकाठचं पाणी आपलं आपण वाफ्यात जातंय?”

शेवंता हसली. तिचे हात कोपरापर्यंत चिखलानं माखले होते. कपाळावरचा घाम तिनं दंडानं पुसला, तसा तिथंही चिखल लागला. मग ती खोऱ्यावर रेलून क्षणभर उभी राहिली आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

“बोला आता. काय म्हणायचं हुतं?”

सगळी वाक्यं माझ्या तोंडात तयार होती. पण माझी नजर तिच्या पायांवर गेली. घोट्यांपर्यंत ती त्या चिखलात रुतलेली होती. एक जण लुगडं घेऊन आला होता, दुसऱ्यानं दुधाचा पेला पुढे केला होता. मी हातात काही आणलं नव्हतं. पण आलो होतो मीही न्यायलाच.

“पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचतं ना?” मी विचारलं.

तिनं शेवटच्या वाफ्याकडे पाहिलं.

“पोचतंय की,” ती म्हणाली. “सावकाश पोचतंय. पर पोचतंय.”

“मग झालं,” मी म्हणालो. “येतो.”

“या.”

चपला हातात घेऊन मी बांधाबांधानं निघालो. हरभऱ्याची ओली पानं पायांना लागत होती. रान संपून माळ सुरू व्हायला आला, तेव्हा मागून इठाबाईचा आवाज आला.

“आगं ए शेवंते! तिकडं काय बघतीस? पाणी फुटलं बग बांधातनं!”

मी जागच्या जागी थांबलो. वळावं की वळू नये, ते मला ठरवता येईना. तेवढ्यात मागे खोऱ्यानं चिखल ओढल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा, मग भराभर. फूट बुजवली जात होती. तो आवाज थांबेपर्यंत मी उभा राहिलो आणि मग फाट्याच्या दिशेनं चालू लागलो.